प्रभूने पाळलेले सण मुलांना शिकवू या: गोव्यातील मराठी मंडळ्यांना खुले पत्र

प्रति,
गोव्यातील मराठी भाषक ख्रिस्ती मंडळ्यांचे पाळक, वडीलजन आणि शब्बाथशाळेचे शिक्षक यांस,

प्रभू येशूच्या नावाने सलाम.

गेल्या वर्षी आपल्यापैकी एका मंडळीत जे झाले ते तुमच्यातल्या बहुतेकांच्या कानावर आलेच आहे. एका तरुण जोडप्याने शुक्रवारी संध्याकाळी घरात दिवा लावून शब्बाथ पाळायला सुरुवात केली. वल्हांडणाच्या आठवड्यात त्यांनी पोदेराला पाव टाकू नको म्हणून सांगितले. वडीलजनांनी दोघांना सभेत बोलावले, ‘तुम्ही यहुदी झालात’ म्हणाले आणि प्रभुभोजनाला येऊ नका असे कळवले. आता ते दोघे कुठल्याच मंडळीत जात नाहीत. त्या सभेत मी नव्हते. पण ती मुलगी माझ्या वर्गात शिकली आहे. लेवीयाचा तेविसावा अध्याय मी तिला कधी शिकवला नाही. तो तिला मोबाइलवर कुणा परदेशी उपदेशकाकडून ऐकावा लागला. बावीस वर्षे शिकवून माझ्याकडून हे राहून गेले, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. प्रभूने स्वतः पाळलेले सण आपण आपल्या मुलांना उघडपणे, आपल्या व्यासपीठावरून आणि आपल्या भाषेत शिकवले पाहिजेत. जो ते पाळतो त्याला मेजावरून उठवायचे नाही. जो पाळत नाही त्याला कमी लेखायचे नाही.

लेवीय २३ काढून पाहा. पहिल्या महिन्याच्या चौदाव्या दिवशी संध्याकाळी वल्हांडण. दुसऱ्या दिवसापासून सात दिवस बेखमीर भाकरीचा सण. त्याच सुमारास पहिल्या पिकाची पेंढी याजकाने ओवाळायची, आणि तिथून मोजून पन्नासाव्या दिवशी सप्ताहांचा सण, ज्याला आपण पेंटेकॉस्ट म्हणतो. त्या दिवशीच्या दोन भाकरी मात्र खमीर घालून भाजलेल्या असतात, हे मला स्वतःला फार उशिरा लक्षात आले. मग सातव्या महिन्यात पहिल्या दिवशी रणशिंगांचा नाद, दहाव्या दिवशी प्रायश्चित्ताचा दिवस आणि पंधराव्यापासून सात दिवस मांडवांचा सण. या सगळ्यांच्या आधी, अध्यायाच्या अगदी सुरुवातीला, शब्बाथ. देव त्यांना ‘माझे सण’ म्हणतो.

आता शुभवर्तमान या दिवसांवर ठेवून वाचा. बारा वर्षांचा येशू यरुशलेमेत हरवतो तो वल्हांडणाला, कारण त्याचे आईवडील दरसाल त्या सणाला जात असत. योहानाच्या सातव्या अध्यायात तो मोठ्याने हाक देतो की तहानेल्याने माझ्याकडे यावे. तो मांडवांच्या सणाचा शेवटचा, मोठा दिवस आहे. त्या सणात शिलोह तळ्यातून पाणी आणून वेदीपाशी ओतण्याची चाल होती. आजूबाजूला पाण्याचा उत्सव चाललेला असताना ती हाक आली आहे. सण माहीत नसेल तर ते वाक्य मुलांना नुसते सुंदर वाटते, त्यातला अर्थ हाती लागत नाही. आत्मा उतरला तो पन्नासाव्या दिवशी. यहुदी लोक त्या सणासाठी देशोदेशींहून आले होते, म्हणूनच तिथे इतक्या भाषांची माणसे होती. पौल करिंथकरांना लिहितो की ख्रिस्त हा आपला वल्हांडण आहे, म्हणून आपण सण पाळू या. पुढे त्याच पत्रात तो ख्रिस्ताला मेलेल्यांतले पहिले पीक म्हणतो. पेंढी ओवाळण्याचा दिवस ज्याला कळला त्यालाच त्या शब्दाचे वजन कळेल.

माझे बालपण अलिबागजवळ गेले, वडिलांची तिथे बदली झाली होती. शेजारी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांचे, कुटुंब राहत होते, आणि त्यांच्या घरात एक आजी होत्या. नऊवारी नेसणाऱ्या, आमच्यासारखीच मराठी बोलणाऱ्या. गावात जुनी माणसे त्यांना अजून शनवार तेली म्हणत, कारण पूर्वी घाण्यावर तेल काढण्याचा धंदा करत असताना ते शनिवारी घाणा बंद ठेवत. पावसाळा सरताना एक दिवस असा यायचा की त्या घराचे दार सकाळपासून बंद. घरातली सगळी पांढऱ्या कपड्यांत, उपाशी. दारावर थाप मारायची नाही, हे आईने आम्हाला बजावून ठेवलेले असे. तो दारफाळणीचा सण. पुढे खूप वर्षांनी मला उमगले की हाच बायबलमधला प्रायश्चित्ताचा दिवस. वल्हांडणाला त्यांचे जुने नाव होते अनशी ढाकाचा सण, म्हणजे आंबट कालवणाचे मडके झाकून ठेवण्याचा सण. आणि यरुशलेमेच्या मंदिराच्या विध्वंसाचा उपास म्हणजे बिरड्याचा रोजा, कारण त्या वेळी वालाचे बिरडे खायची रीत.

विचार करा. ग्रंथ हाताशी नसतानाही कोकणातल्या या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या मोशेचे सण मराठी नावांनी जपले. ‘हे इस्राएला, ऐक’ हा शमा तोंडपाठ ठेवला. पुढे मुंबईत जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने मराठीतून हिब्रूचे व्याकरण १८३२ साली छापले. त्यानंतर शंभर वर्षांच्या आत पंडिता रमाबाई केडगावात बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करत होत्या. त्यांच्या निधनानंतर १९२४ साली ते पूर्ण छापून निघाले. म्हणजे हिब्रू आणि मराठी यांची ओळख जुनी आहे. ‘वल्हांडण’ हा शब्दच बघा: ओलांडून जाणे. मरणाचा दूत रक्त लावलेली घरे ओलांडून गेला, ही सगळी रात्र आपल्या भाषांतरकारांनी एका शब्दात बसवली. तो शब्द आपण वर्षातून एकदा, प्रभुभोजनाच्या विधीत घाईघाईने उच्चारतो.

लग्न होऊन मी वास्कोला आले तेव्हा शेजारच्या कॅथलिक घरात ईस्टरला ‘पास्क’ म्हणताना ऐकले. पोर्तुगिजांच्या पाश्कोआतून आलेला तो शब्द मुळात हिब्रू ‘पेसाह’ आहे. गोव्यातला प्रत्येक ख्रिस्ती माणूस दरवर्षी नकळत वल्हांडणाचे नाव घेतो. आमेन, हालेलुया, होसान्ना हे सगळे हिब्रूच. आणि राशोलला १६१६ साली फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण छापले गेले. मराठी ओव्यांतल्या त्या ग्रंथाचे पहिले पुराण संपूर्णपणे जुन्या कराराचे आहे, ३६ प्रकरणे भरून. त्या इंग्रज पाद्र्याला वाटले की इथल्या माणसाला येशू सांगायचा तर आधी आदाम, अब्राहाम, मोशे आणि मिसर देशातून सुटका सांगितली पाहिजे. आपण मात्र मुलांना गव्हाणीपासून सुरुवात करून देतो.

आता गोव्याबद्दल जे बोलायलाच हवे, ते बोलते.

पणजीत चर्चसमोर जी बाग आहे तिला गार्सिया द ओर्ताचे नाव आहे. कित्येकदा तिथे बाकावर बसून मी बसची वाट पाहिली आहे. ओर्ता हा वैद्य १५३४ साली गोव्यात आला. आमच्या नगरच्या बुऱ्हाण निजामशहावरही त्याने उपचार केले होते. इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ गोव्यातच १५६३ साली छापला गेला. त्याचे आईवडील स्पेनमधून हाकलले गेलेले यहुदी. १४९७ साली पोर्तुगालमध्ये यहुद्यांचा सक्तीने बाप्तिस्मा झाला आणि त्या लोकांना ‘नवे ख्रिस्ती’ हे नाव पडले. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा देणारे चर्चचे न्यायासन, बसले. ओर्ता १५६८ साली वारला. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १५६९ मध्ये, त्याची बहीण कातारिना हिला यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपाखाली गोव्यात जिवंत जाळले. १५८० साली ओर्ताची हाडे थडग्यातून उकरून काढून जाळली, कारण तोही गुपचूप यहुदी होता असे ठरवले गेले.

अशी माणसे ओळखायची कशी, याची यादीच पोर्तुगालमध्ये फतव्याने वाचून दाखवली जाई. शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावणे. शनिवारी धुतलेले कपडे घालणे. बेखमीर भाकरी खाणे. सप्टेंबरातला मोठा उपास. शेजाऱ्याने हे पाहिले तर त्याने येऊन सांगावे.

ही यादी मी वाचली तेव्हा माझी ती विद्यार्थिनी डोळ्यांपुढे आली. शुक्रवारचा दिवा. वल्हांडणात पाव नाही. तिला कोणी जाळले नाही, तुलना मी तिथवर नेत नाही. पण ज्या भूमीवर हा इतिहास घडला तिथे एका ख्रिस्ती सभेने एका ख्रिस्ती मुलीला त्याच खुणांवरून दोषी ठरवावे, याने मला कित्येक रात्री झोप लागली नाही. पुढे तीच इन्क्विझिशनची चौकट इथल्या हिंदू चालीरीतींवर फिरली. १७३६ च्या फतव्यात तर हिंदूंतून ख्रिस्ती झालेल्या घरांतल्या तुळशीपर्यंत आणि लग्नातल्या गाण्यांपर्यंत मनाई आली. १७७४ साली ते न्यायासन बंद झाले, १७७८ साली पुन्हा सुरू झाले आणि १८१२ साली कायमचे उठले. ‘ते कॅथलिकांनी केले, आपला काय संबंध’ असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. १५४३ साली प्रोटेस्टंट सुधारक मार्टिन ल्यूथरने यहुद्यांविरुद्ध जे लिहिले, त्यात त्यांची सभास्थाने जाळण्याचा सल्ला आहे. तोही आपल्याच घरातला वारसा आहे. कॅथलिक मंडळीने निदान १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत लेखी सांगितले की येशूच्या मरणाचा दोष सरसकट यहुदी लोकांवर टाकता येत नाही. आपल्या किती उत्तम शुक्रवारच्या उपदेशांत ‘यहुद्यांनी मारले’ हे अजून तसेच येते, हे आपले आपण आठवून पाहावे.

काही वडीलजन म्हणतील, पौलाने गलतीकरांना दिवस पाळण्याबद्दल खडसावले आहे. खरे आहे. पण ते पत्र सुंतेशिवाय आणि नियमशास्त्राशिवाय तारण नाही असे सांगणाऱ्यांविरुद्ध आहे. तोच पौल पेंटेकॉस्टला यरुशलेमेत पोहोचावे म्हणून घाईने प्रवास करतो. तोच रोमकरांना लिहितो की एक जण एक दिवस विशेष मानतो, दुसरा सगळे दिवस सारखे मानतो, प्रत्येकाने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी. तोच कलस्सैकरांना सांगतो की सण, अमावास्या किंवा शब्बाथ यांवरून कोणी तुमचा न्याय करू नये. हे वचन सण पाळणाऱ्याला गप्प करायला आपण वापरतो, पण पाळणाऱ्याचाही न्याय करू नये असेच ते म्हणते ना? आणि रोमकरांच्या अकराव्या अध्यायात तो आपल्याला जंगली जैतुनाची कलम केलेली फांदी म्हणतो: तू मुळाला उचलून धरत नाहीस, मूळ तुला धरते.

मंडळीच्या आरंभीच्या काळातले एक उदाहरण देते. आशियातल्या स्मुर्णा मंडळीचा अध्यक्ष पॉलिकार्प इ. स. १५५ च्या सुमारास रोमला गेला होता. आशियातल्या मंडळ्या पास्क यहुद्यांच्या चौदाव्या तारखेलाच पाळत, तो वार कोणताही असो. रोमचे तसे नव्हते. पॉलिकार्प म्हणाला, मी हे योहानाबरोबर पाळले आहे. रोमचा अध्यक्ष अनिसेटस म्हणाला, माझ्या आधीच्या वडिलांची रीत मी सोडू शकत नाही. कोणीच कोणाला पटवू शकला नाही. मग अनिसेटसने पॉलिकार्पला आपल्या मंडळीत प्रभुभोजन देण्याचा मान दिला आणि दोघे शांतीने निरोप घेऊन गेले. तारखेवर मतभेद आणि मेज एकच. पुढे ३२५ साली निकाया येथे पास्क यहुदी गणनेपासून वेगळे काढले गेले, तेव्हापासून ती वाट बुजत गेली. माझी विनंती आहे की त्या जोडप्याच्या बाबतीत आपण अनिसेटससारखे वागावे. त्यांना पुन्हा बोलवावे. पत्राने नव्हे, घरी जाऊन.

त्या जोडप्यालाही मला काही सांगायचे आहे, आणि ते उघडपणे सांगते, कारण त्यांच्यासारखी आणखीही मुले आहेत. नाताळ मूर्तिपूजकांचा म्हणून तुम्ही आईच्या घरी नाताळला गेला नाहीत, तिने केलेल्या करंज्या परत पाठवल्यात. हे प्रभूने कुठे शिकवले? मोशेच्याच दहा आज्ञांत आईबापाचा मान राख ही आज्ञा आहे, आणि ती शब्बाथाच्या आज्ञेच्या लगेच पुढे आहे. ज्या उपदेशकाने तुम्हाला सण शिकवले त्याचे आभार माना, पण ‘पाळले नाही तर तारण नाही’ हे त्याचे म्हणणे टाकून द्या. यरुशलेमेच्या सभेने प्रेषितांच्या काळातच तो प्रश्न निकाली काढला आहे. आणखी एक गोष्ट. यहुदी लोकांचा आजचा सेदरविधी, म्हणजे वल्हांडणाच्या रात्रीच्या भोजनाचा विधी, उचलून, त्यांचे पेले आणि त्यांच्या प्रार्थना घेऊन, त्यावर आपला अर्थ चिकटवू नका. त्या विधीचे आजचे रूप इ. स. ७० मध्ये मंदिर पडल्यानंतर घडत गेले. शेवटच्या भोजनात येशूने ते जसेच्या तसे केले असे म्हणता येत नाही. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना या सणांसाठी जाळले गेले त्यांच्या घरातली वस्तू न विचारता आणून आपल्या कार्यक्रमात मांडणे बरोबर नाही.

मग आपण करायचे काय? आपल्या घरातूनच सुरू करता येईल, कारण आपल्याला पुष्कळ काही आधीच माहीत आहे. चांद्रमास आपल्याला समजावून द्यावा लागत नाही. ते लोकही आपल्यासारखाच अधिक महिना घालतात, फक्त त्यांचा १९ वर्षांत सात वेळा आणि ठरलेल्या जागीच. गेली काही वर्षे वल्हांडण चैत्री पौर्णिमेच्या सुमारास येतो आहे. २०२५ साली ६ ऑक्टोबरला आपल्याकडे कोजागरी होती, आणि त्याच संध्याकाळी मांडवांचा सण सुरू झाला. ज्या चंद्राखाली आपले शेजारी दूध आटवत होते त्याच चंद्राखाली यरुशलेमेत मांडव उभे होते.

खमीर म्हणजे काय हे गोव्यातल्या मुलाला एका मिनिटात कळेल. पोदेराच्या सायकलीचा भोंगा, गरम उंडो, माडाच्या सुरेने फुगवलेल्या सान्नां. सात दिवस यातले काहीच नाही, फक्त तव्यावरची भाकरी. आमच्या नगरकडच्या आजीची ज्वारीची भाकरी यहुदी नियमाने मात्झा, म्हणजे वल्हांडणाची बेखमीर भाकरी, ठरत नाही, त्यांना गहू किंवा जव असे पाचातले धान्य लागते आणि पीठ भिजवल्यापासून अठरा मिनिटांत ते भाजावे लागते. पण आपण त्यांचा विधी करायला निघालेलो नाही. निघण्याची घाई, पीठ फुगायलाही वेळ नाही, ही गोष्ट मुलांच्या जिभेला कळावी इतकेच हवे आहे. त्या रात्री घरी निर्गमाचा बारावा अध्याय वाचावा आणि त्यानंतर ११३ ते ११८ ही स्तोत्रे म्हणावीत. प्रभू त्या रात्री गीत गाऊन जैतुनाच्या डोंगराकडे निघाला ते गीत याच स्तोत्रांपैकी असावे असे विद्वान मानतात.

पहिल्या पिकाची पेंढी समजावायला रायला न्यावे. तिथल्या चर्चमध्ये ५ ऑगस्टला कोंसाचे फेस्त होते, भाताची नवी कणसे कापून आशीर्वाद घेतला जातो. चतुर्थीच्या वेळी हिंदू शेजाऱ्यांच्या घरीही नवे येते. नव्या धान्याचा पहिला घास देवाचा, हे गोव्याला शिकवावे लागत नाही. आणि ऑक्टोबर महिन्यात एका रविवारी, पणजीच्या त्या बागेचे नाव घेऊन, कातारिना द ओर्तासाठी आणि इथे मारल्या गेलेल्या सर्वांसाठी प्रार्थना व्हावी. व्यासपीठावरून, नाव उच्चारून. ही माझी पाळकांकडे सर्वांत मोठी मागणी आहे. बाकीचे आम्ही शिक्षक सांभाळू.

येत्या मांडवांच्या सणाला मी माझ्या अंगणात मांडव घालणार आहे. चार बांबू आणि वर विणलेली चुडते. गणपतीच्या माटोळीला जशी रानातली फळे बांधतात तशी आतून फळे बांधायची: तोरिंगण, नारळ, सुपारीचे घोस, शेजारची काकू जे देईल ते. छप्पर विरळच ठेवायचे, कारण त्यातून तारे दिसले पाहिजेत अशी रीत आहे. सात संध्याकाळी सात वाचने, मुले वाचतील. त्या जोडप्याला मी बोलावले आहे, तिच्या आईलाही. दोघी येतो म्हणाल्या आहेत. पाळकसाहेब, तुम्ही पहिल्या संध्याकाळी यावे. गोव्यात त्या दिवसांत परतीचा पाऊस असतो हे मला माहीत आहे. मिश्ना या यहुद्यांच्या जुन्या नियमग्रंथात त्याचीही सोय आहे: ताटातली पेज बिघडेल इतका पाऊस आला, तर मांडव सोडून घरात जावे. पेज मी उकड्या तांदळाचीच करणार आहे, सोबत आंब्याचे खारे लोणचे. पाऊस आलाच तर वाट्या उचलून पडवीत बसू.

आपली नम्र,
शब्बाथशाळेची एक जुनी शिक्षिका
वास्को